डिझर्टेशनचा विषय: राजकारण आणि आरोग्य. मॅडम म्हणतात, हा विषय नाही, हे कपाट आहे

विषय_हरवला

नमस्कार मंडळी, एमए पॉलिटिक्स, दुसरं वर्ष, पुण्यातच. पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस द्यायचाय आणि माझं घोडं पेंड खातंय. मी विषय लिहून नेला होता "विकसनशील देशांमधील राजकारण, गव्हर्नन्स आणि सार्वजनिक आरोग्य : एक तौलनिक अभ्यास". मॅडमनी शीर्षक वाचलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "अरे हा विषय नाही, हे जयकर ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट आहे, यातलं कुठलं पुस्तक तू लिहिणारेस ते ठरवून ये." वर्गात सगळ्यांसमोर. असो.

आता माझी अडचण अशी की मला खरंच हाच विषय करायचाय. माझी सख्खी मावशी आशा कार्यकर्ती आहे, म्हणजे सरकारच्या वतीने गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणारी, गावाचं नाव घेत नाही. दिवाळीत तिच्याकडे होतो तेव्हा तिची वही चाळत बसलो होतो. एकेका बाईच्या नावापुढे काय काय लिहिलेलं असतं, त्यात प्रत्येक बाळंतिणीपुढे ३, ७, १४, २१, २८, ४२ असे आकडे आणि त्यावर टिका. मला काही कळलं नाही, विचारायचंही राहिलं. पण मावशी एक वाक्य बोलली ते डोक्यात राहिलंय, "आमदारांचा दौरा लागला की सगळं येतं बघ, गोळ्या पण येतात आणि ट्यूबलाइट पण लागते." म्हटलं हेच की आपलं पॉलिटिकल सायन्स!

माझा प्लॅन होता वर्ल्ड बँकेचे गव्हर्नन्सचे, म्हणजे सरकारी कारभाराचे, इंडिकेटर घ्यायचे, साठेक देशांचा बालमृत्युदर घ्यायचा आणि रिग्रेशन मारायचं, म्हणजे दोन्हींचा संबंध आकड्यांत काढायचा. रूममेट स्टॅट्सवाला आहे, तो म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे. मग प्रश्न असे की एक, लोकशाही असली की आरोग्य सुधारतं हे खरंच सिद्ध झालंय का, कारण मग चीन आणि क्यूबाचं काय करायचं? दोन, गव्हर्नन्स मोजतात कसं? आणि तीन म्हणजे पुण्यात बसून, पैसे नसताना, चार महिन्यांत काय जमेल? कृपया "आधी वाचन वाढव" असं सांगू नका, ते मॅडमनी सांगून झालंय.

आकडेमोड्या

रूममेटला चहा पाज आणि लॅपटॉप बंद करायला सांग. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणूनच ते करू नकोस, तुझ्याआधी हजारभर लोकांनी केलंय.

वर्ल्ड बँकेचे ते इंडिकेटर १९९६ पासूनचे आहेत, सहा आहेत, लोकांचा आवाज, स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमन, कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण. पण ते बनतात कशातून बघ. बहुतेक सगळं पर्सेप्शन, म्हणजे तज्ज्ञांना, कंपन्यांना, लोकांना काय वाटतं त्याचे सर्व्हे एकत्र करून. आता श्रीमंत आणि निरोगी देश बघितला की माणसाला आपोआपच वाटतं तिथलं सरकार चांगलं असणार. मग तू त्या "वाटण्याचा" आणि बालमृत्यूचा संबंध काढणार आणि तो निघणारच, निघाला नाही तरच आश्चर्य. श्रीमंतीमुळे दोन्ही सुधारलं की कारभारामुळे आरोग्य सुधारलं की लोक निरोगी म्हणून कारभार बरा, काही सांगता येणार नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिलाच प्रश्न हा येईल आणि तू गप्प बसशील.

चांगला अभ्यास कसा असतो ते सांगतो, माझा आवडता आहे, कंटाळा आला तर सोडून दे. ब्राझील. तिथे आधी कागदी मतपत्रिका होती आणि तिच्यावर मतदाराने उमेदवाराचं नाव किंवा नंबर स्वतः हाताने लिहायचा. आपल्याकडे पूर्वी असायचा तसा चिन्हावर शिक्का नाही. आता ज्याला लिहिता येत नाही त्याचं मत बाद. म्हणजे कायद्याने हक्क सगळ्यांना, पण गरिबांची मतं मोजणीच्या टेबलावर कचऱ्यात. मग मशीन आलं, नंबर दाबला की उमेदवाराचा फोटो दिसतो. पण मशीन एकदम सगळीकडे नव्हती पुरत, म्हणून १९९८ च्या निवडणुकीत नियम केला की ज्या नगरपालिकेत ४०,५०० च्या वर मतदार तिथे मशीन, त्याखाली कागदच. बघ आता गंमत. ४०,४०० वाल्या गावात आणि ४०,६०० वाल्या गावात फरक काय असणार, काहीच नाही, फक्त एकीकडे मशीन आहे. फुजिवारा नावाच्या अर्थतज्ज्ञाने नेमकी ही रेघ पकडली. रेघेच्या वरच्या गावांत बाद मतं धाडकन खाली, म्हणजे एकही नवा हक्क न देता मतदारांचा मोठा गट खऱ्या अर्थाने मतदार झाला. आणि मग ज्या राज्यांत जास्त लोकांना मशीन मिळालं तिथे पुढे आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या बायकांच्या गरोदरपणातल्या तपासण्या वाढल्या आणि त्यांची कमी वजनाची बाळं कमी झाली. पेपर २०१५ चा आहे.

याला म्हणतात राजकारण आणि आरोग्य. लोकशाही हा शब्द त्याने कुठे मोजलाच नाही, मतपत्रिका मोजली.

पेठेतला_रिकामटेकडा

साठ देश कशाला पाहिजेत हो, गणेशखिंडीपर्यंत चालत जा की. विद्यापीठात जाता ना रोज? त्याच रस्त्यावर २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या चापेकरांनी. प्लेगची साथ, साथरोगाचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला, प्लेग कमिटीचा प्रमुख रँड आणि घराघरात शिरून तपासणी करायला गोरे सोल्जर. रोगी शोधायचे, विलगीकरणात न्यायचे, घर धुवून काढायचं, कागदावर सगळं त्या काळच्या शास्त्राला धरूनच होतं म्हणे. पण देवघरात बूट घालून शिरल्यावर लोक रोगी लपवायला लागले. आणि त्याच साथीत सावित्रीबाई रोग्यांना दवाखान्यात पोचवत होत्या, स्वतः त्यातच गेल्या, १० मार्च १८९७. एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच रोगावर दोन प्रकारचं "गव्हर्नन्स". आणि तो कायदा बरं का, मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा राज्याने तोच बाहेर काढला, १२३ वर्षांचा म्हातारा.

तुमच्या मॅडमना सांगा विषय कपाटाएवढा नाही, एका रस्त्याएवढा आहे. (दुपारी १ ते ४ उत्तर देणार नाही.)

विषय_हरवला

@आकडेमोड्या दादा, ब्राझीलचं भारीच, पण तसली रेघ मला कुठे सापडणार. @पेठेतला काका, इतिहास विभागात पाठवाल मला तुम्ही :)

चीन-क्यूबाचं कोणीच बोललं नाही. हुकूमशाहीत पण आरोग्य सुधारलंय ना? मग राजकारणाचा संबंध काय राहिला?

सुजाता_ताई

मी सार्वजनिक आरोग्यात वीसेक वर्षं आहे, संस्थेचं नाव सांगत नाही, पुण्यातच. जरा मोठं लिहितेय, वाचायचं तर वाच.

पहिलं तुझ्या मावशीच्या वहीचं, कारण तू ते सहज लिहून गेलास आणि खरा विषय तिथेच पडलाय. ३, ७, १४, २१, २८, ४२ हे दिवस आहेत रे. बाळ जन्मल्यावर आशाने त्या त्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप-श्वास बघायचा, अंगावर पितंय का बघायचं. दवाखान्यात बाळंत झाली तर सहा भेटी, घरीच झाली तर पहिल्या दिवसाची धरून सात. हे दिल्लीत कोणाला स्वप्नात नाही सुचलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, तुलनेच्या गावांशी ताडून बघितलं तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. ते देशभर आशांच्या कामात आलं २०११ मध्ये. मधली बारा वर्षं कुठे गेली? पुरावा तर होता. गावातल्या बाईच्या हातात इंजेक्शन द्यायचं का, यावर डॉक्टरमंडळींचं मत काय, पैसे कोणत्या हेडखाली टाकायचे, आशा नावाचं पदच २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य मिशननंतर आलं. आणि आलं तेव्हा त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. ते २५० कोणी ठरवले, का ठरवले, आणि २०२३-२४ ला राज्यातल्या आशा संपावर का बसल्या, हे सगळं राजकारणच आहे आणि ते तुझ्या मावशीच्या वहीत आहे.

आता चीन. १९८५ मध्ये इटलीत बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशनने एक परिषद घेतली होती, कमी पैशात चांगलं आरोग्य कोणी कमावलं यावर. चार नावं होती, चीन, श्रीलंका, कोस्टारिका आणि आपलं केरळ. आता या चौघांत सारखं काय? एक कम्युनिस्ट एकपक्षीय, एका देशाने १९४८ ला सैन्यच बरखास्त केलेलं, एक तर देशही नाही, राज्य. म्हणून "लोकशाही की हुकूमशाही" हा प्रश्न विचारला की हाताला काही लागत नाही. आणि चीनचं नाव घेताना १९५९ ते ६१ चा दुष्काळ विसरू नकोस, अनवाणी डॉक्टर (खेड्यातल्याच लोकांना थोडं शिकवून तयार केलेले) आणि तो दुष्काळ, दोन्ही एकाच राजवटीतले. अमर्त्य सेनांचा मुद्दा प्रसिद्धच आहे की चालत्या लोकशाहीत माणसं भुकेने मरतील असा मोठा दुष्काळ पडत नाही, पण त्यांनीच पुढे सांगितलंय की रोजची उपासमार मात्र लोकशाहीत बिनबोभाट चालू राहते, कारण तिची हेडलाइन होत नाही. आपल्याकडचंच बघ. २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जन्मांमागे ३३, देशाचा ९७, आपण केरळच्या (१९) खालोखाल. टाळ्या. आणि पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत खुजी मुलं किती, तर महाराष्ट्रात ३५ टक्के, देशातही साधारण तेवढीच. तेच राज्य, तीच विधानसभा, तेच खाते. बाई बाळंतपणात गेली तर चौकशी लागते, ऑडिट होतं. पोरगं दोन इंच कमी वाढलं तर कोण चौकशी करतो?

श्रीलंकेची गोष्ट मला जास्त आवडते. तिथे १९३१ मध्येच सगळ्या प्रौढांना मत, बायकांनाही, तेव्हा ते ब्रिटिशांच्या ताब्यातच होते. पाठोपाठ १९३४-३५ ला मलेरियाची भयंकर साथ, ऐंशी हजारांच्या आसपास माणसं गेली. आता मत असलेला शेतकरी मेला की आमदाराला झोप लागत नाही. खेड्यापाड्यांत दवाखाने, सुईणी, १९५१ पासून दवाखान्यात फी नाही. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा फार पैसे होते असं काही नाही. आपण १९४६ ला देशाची आरोग्यसेवा कशी असावी यावर भोर समितीचा अहवाल लिहून ठेवला, सुंदर अहवाल, आजही वाचताना वाटतं कोणी काल लिहिलाय. मत पण १९५२ पासून दिलं. मग खेड्यातल्या मतदाराने दवाखाना का नाही मागितला, रस्ता आणि पाणी आणि सोसायटीचं कर्ज का मागितलं? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, खोटं कशाला बोलू. एक अंदाज आहे की जो कधी बघितलाच नाही असा चांगला सरकारी दवाखाना माणूस मागणार तरी कसा.

आकडेमोड्या

ताई, मलेरिया आणि मताधिकार लागोपाठ आले म्हणून एकामुळे दुसरं असं कसं म्हणता? कोलंबोत तेव्हा रबर-चहाचा पैसाही होताच की.

सुजाता_ताई

बरोबर, सिद्ध होत नाही. पण सिद्ध होईल तेवढंच बोलायचं म्हटलं तर फक्त रेघेवरच्या गावांबद्दल बोलावं लागेल तुला आयुष्यभर. आणि तुमचे सिद्ध झालेले कसे फिरतात तेही सांग की मुलाला. युगांडा.

आकडेमोड्या

हो ते सांगायलाच हवं, टोमणा पोचला.

युगांडात ५० दवाखाने घेतले होते, ९ जिल्ह्यांत. निम्म्या ठिकाणी गावकऱ्यांना बसवून रिपोर्ट कार्ड दाखवलं, तुमच्या दवाखान्यात कर्मचारी किती वेळ असतात, औषध किती मिळतं, मग दवाखान्याचे लोक आणि गावकरी यांची एकत्र बैठक, कोण काय करणार ते ठरलं. वर्षभराने तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्के कमी. २००९ चा पेपर. जगभर गाजला, जो तो म्हणायला लागला लोकांना माहिती द्या, सरकार सुधारतं. मग दुसऱ्या टीमने तिथेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं, ३७६ केंद्रं, १६ जिल्हे. उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, लोक थोडे जास्त समाधानी, पण मृत्युदरावर परिणाम दिसला नाही. का, यावर अजून भांडणं आहेत.

आणि उदयपूरचं तर क्लासिक. उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडायची, म्हणून एका संस्थेने नर्ससाठी तारीख-वेळ छापणारं यंत्र लावलं, गैरहजर तर पगार कट, प्रशासनाने होकार दिलेला. सुरुवातीला हजेरी झपकन वाढली. सोळा महिन्यांनी फरक शून्य. यंत्र बिघडलं नव्हतं. वरूनच "सूट दिलेले दिवस" वाढत गेले, आज मीटिंग, उद्या सर्व्हे, परवा ट्रेनिंग, गैरहजेरी कमी आणि सूट जास्त. म्हणजे यंत्र नर्सवर होतं आणि गळती तिच्या वरच्या मजल्यावर.

एमओ_घाटमाथा

सूट दिलेले दिवस वाचून हसू आलं. मी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर आहे, पुणे जिल्ह्यातच, आठ वर्षं झाली, सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड संपला तरी राहिलो, बायको अजून विचारते का. तुमचे अर्थतज्ज्ञ दरवाजाला कुलूप दिसलं की गैरहजर लिहितात. अहो माझी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, एकटी, तिच्याकडे कागदावर ५ हजार लोकसंख्या, डोंगरात ३ हजार. ती वाडीवर लस द्यायला गेली की उपकेंद्राला कुलूपच असणार. वाडीवर गेलेल्या नसतानाही गैरहजर असणाऱ्या आहेतच, नाही म्हणत नाही, पण कुलूप बघून दोन्हीतला फरक कळत नाही.

आता @विषय_हरवला, तुला काम सांगतो. गव्हर्नन्स वगैरे शब्द सोड. एक गोळी धर. रक्तवाढीची लोहाची गोळी धर नाहीतर बीपीची अ‍ॅमलोडिपिन. ती गोळी माझ्या फार्मसीच्या खिडकीपर्यंत कशी येते एवढंच लिही. मी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकतो, तालुक्याला जातं, जिल्ह्याला जातं, वर खरेदी होते, मग उलट्या वाटेने खोके येतात. माझ्याकडे स्टॉक रजिस्टर आहे, ई-औषधी या सरकारच्या ऑनलाइन साठा-नोंदीत एन्ट्री आहे, आणि खिडकीवर प्रत्यक्ष काय आहे ते तिसरंच. तिघांचा मेळ बसतो का बघ. मला लागते ती गोळी येत नाही आणि जी मी मागितलीच नाही तिचे चार खोके येतात, एक्सपायरीला पाच महिने राहिलेले. ते खोके मी कोणाला खपवू? मग रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी, त्याला मीटिंग पाहिजे, मीटिंगला अध्यक्ष पाहिजेत, अध्यक्ष लग्नाला गेलेत. तोवर बीपीवाले आजोबा येतात, मी चिठ्ठी लिहून देतो बाहेरून घ्या, ते मान हलवतात आणि घेत नाहीत. पुढच्या वेळी येतात ते तोंड वाकडं होऊन, नातवाच्या मोटारसायकलवर मधे बसवून आणलेले.

तमिळनाडूत जाऊन आलो होतो एका ट्रेनिंगला. तिथे औषधांचं महामंडळ आहे, १९९४ चं. प्रत्येक दवाखान्याला पासबुक. बँकेसारखं. वर्षाला अमुक रुपयांची औषधं तुमच्या खात्यात, जिल्ह्याच्या गोदामात जायचं, जे पाहिजे ते उचलायचं, पासबुकात तेवढे वजा. म्हणजे मागणी डॉक्टरची, ढकलाढकली नाही. प्रत्येक बॅच तपासून मगच गोदामातून बाहेर. साधं पासबुक हो, त्यात काय रॉकेट आहे. आपल्याकडे आधी संचालनालय, मग २०१७ च्या सुमारास खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, मग २०२३ ला कायदा करून नवीन प्राधिकरण. दर वेळी पाटी बदलते आणि मधल्या काळात माझी खिडकी रिकामी. तमिळनाडूत द्रमुक येवो अण्णाद्रमुक येवो, महामंडळाला कोणी हात लावला नाही, का लावला नाही ते तू शोध, ते पॉलिटिक्सवाल्यांचं काम.

सुजाता_ताई

डॉक्टरांनी सोन्यासारखा विषय दिलाय. त्यात एक जोड. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख होती, नऊ राज्यांत सुरू झालेली, आपल्याकडे पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं. गावाने दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा-पिवळा-लाल, मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर लोकांनी तक्रारी मांडायच्या. पुण्यातल्याच 'साथी' संस्थेकडे राज्याचं समन्वयाचं काम होतं, कागदपत्रं मराठीत आहेत, जाऊन बस. मी बऱ्याच जनसुनवायांना होते. एकदा एक म्हातारी उभी राहिली आणि तिने पदरात बांधलेल्या बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर ठेवल्या, भाषण नाही काही नाही, नुसत्या ठेवत गेली, सतरा-अठरा असतील. अधिकारी पाणी प्यायले. पुढच्या महिन्यात तिथे बाहेरची चिठ्ठी बंद. सहा महिन्यांनी परत सुरू झाली तेही सांगते.

का परत सुरू झाली, तर डॉक्टर काय करतील, वरून गोळीच येत नव्हती. म्हणजे खाली कितीही आरडाओरड केली तरी नळ वरूनच बंद असेल तर बादली वाजवून उपयोग नाही. युगांडाचा दुसरा अभ्यास आणि उदयपूरचं यंत्र या दोन्हींत मला हेच दिसतं, आकडेमोड्याला पटेल न पटेल.

आकडेमोड्या

चक्क पटलं. फक्त एक दवाखाना घेऊ नकोस, निदान सहा घे, तीन रस्त्याकडेचे आणि तीन आतले, नाहीतर मॅडम म्हणतील ही गोष्ट आहे, अभ्यास नाही.

पेठेतला_रिकामटेकडा

चार वाजले, आलो. आमच्या शहराचं काय? मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक. त्यात २०२१ ला २३ गावं हद्दीत आलेली. जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडला नांदेड, किरकटवाडीच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली, संशयित धरून २०० च्या वर रुग्ण, आणि सगळं बोट पाण्याकडे. ती गावं तेव्हा धड ग्रामपंचायतीत नव्हती, धड निवडलेला नगरसेवक नव्हता. पाणी गढूळ आलं तर तक्रार कोणाच्या दारात करायची? विषय घरबसल्या आहे, मेट्रोचं तिकीटसुद्धा लागणार नाही. (तिकडे मेट्रो नाहीच म्हणा.)

सुजाता_ताई

काका, मुद्दा चांगला आहे, पण नगरसेवक असते तर साथ आली नसती असं लगेच म्हणू नका, साथीचं कारण जंतू आणि पाणी. नगरसेवक असल्याने तक्रार किती लवकर वर पोचते एवढंच तपासता येईल, आणि ते तपासायला २०२२ च्या आधीच्या आणि नंतरच्या तक्रारी लागतील. चार महिन्यांत नाही होणार याच्याकडून. पुढे पीएचडीला ठेव म्हणावं.

विषय_हरवला

मंडळी, मी दोन दिवस गप्प होतो कारण मावशीकडे जाऊन आलो. वही परत बघितली. ४२ च्या खाली कुठे कुठे टिक नाहीये, विचारलं तर म्हणाली बाळंतीण माहेरी गेली की पुढच्या भेटी दुसऱ्या आशाच्या गावात, मग २५० कोणाचे यावर दोघींत वाद, शेवटी कोणालाच नाहीत. आणि लोहाच्या गोळ्यांचं विचारलं तर कपाटातून एक पिशवी काढली, पंधरा-वीस स्ट्रिप. मी म्हटलं तू तर म्हणतेस गोळ्या येत नाहीत. म्हणाली, "येत नाहीत म्हणूनच ठेवल्यात, आल्या तेव्हा लपवून ठेवल्या, माझ्या बायकांना पुढच्या महिन्यात लागतील तेव्हा काय देऊ?" म्हणजे रजिस्टरला वाटल्या, बायकांना मिळालेल्या नाहीत, आणि चोरी पण नाही. @एमओ डॉक्टर, तुमच्या तीन हिशोबांत हा चौथा आला.

मॅडमना नवीन शीर्षक दाखवलं, "लोहाच्या गोळीचा प्रवास : पुणे जिल्ह्यातील सहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषधपुरवठा आणि निर्णयाचे अधिकार". चष्मा डोळ्यांवरच राहिला. म्हणाल्या तमिळनाडूचं पासबुक एका प्रकरणात घे, ब्राझील तळटीपेत टाक आणि मावशीचं नाव-गाव कुठेही येता कामा नये, तिची नोकरी जाईल. ते मला सुचलंच नव्हतं, खरं सांगतो. आता परवानगीचं कसं करायचं? आणि मी थेट येऊन रजिस्टर मागितलं तर दाखवतात का?

एमओ_घाटमाथा

थेट मागितलंस तर मी पण नाही दाखवणार. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घे, कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिचा कागद जोड, जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आवक-जावकला दे आणि पोच घे. पोचवर तारखेचा शिक्का बघून घे. त्यांची परवानगी आली की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत, मग आम्ही. महिना धर. खरेदीचे आदेश आणि तारखा मात्र माहिती अधिकारात मागव, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव, तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे आजच टाक. अर्जात "गव्हर्नन्स" हा शब्द लिहू नकोस, नुसतं औषधाचं नाव, वर्ष आणि "साठा नोंदवहीची प्रत" एवढंच.

मावशीच्या पिशवीचं लिहिताना जपून. असल्या पिशव्या माझ्या बहुतेक आशांच्या घरी आहेत, मला माहितीये, मी बघत नाही.

आणि पहिल्यांदा येशील तेव्हा ९ तारखेला ये. त्या दिवशी मातृत्व अभियान असतं, सगळ्या गरोदर बायका येतात. कोणाला काही विचारू नकोस. खिडकीसमोरच्या बाकावर साडेनऊला बस आणि कोण कोण रिकाम्या हाताने परत जातं ते मोज. डबा घेऊन ये, जवळ हॉटेल नाही.